पेटंट मिळाले, पुढे काय?

आपल्या शहरातील एखाद्या प्राध्यापकाला, अभियंत्याला किंवा कंपनीला पेटंट मिळाल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. प्रमाणपत्रासह छायाचित्र, संस्थेच्या प्रमुखांचे अभिनंदन आणि 'या संशोधनाचा समाजाला मोठा उपयोग होणार आहे' हे शेवटचे वाक्य असा त्या बातमीचा साचा ठरलेला असतो. धोक्याची पूर्वसूचना देणारे उपकरण, दुभत्या जनावरांसाठी पोषक खाद्य, रोगनिदानाची झटपट चाचणी हे या बातम्यांचे नेहमीचे विषय. त्या संशोधनाचे पुढे काय झाले, ते कोणाच्या हाती पोहोचले का, याची बातमी मात्र सहसा येत नाही. वाचकही विचारत नाहीत आणि संस्थाही सांगत नाहीत.

हा प्रश्न आता विचारण्याची वेळ आली आहे, कारण पेटंटांची संख्या विलक्षण वेगाने वाढली आहे. २०१४-१५ या वर्षात देशात ५,९७८ पेटंटे मंजूर झाली होती. २०२३-२४ मध्ये हा आकडा १,०३,०५७ वर गेला. त्याच वर्षी आलेल्या नव्या अर्जांची संख्या ९२ हजारांहून अधिक होती. म्हणजे अर्ज आले त्यापेक्षा मंजुऱ्या जास्त झाल्या. यात वर्षानुवर्षे साचलेल्या अर्जांचा निपटारा करण्याचा वाटा मोठा आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. तरीही भारतीय अर्जदारांचे प्रमाण वाढले, शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली, हे बदल स्वागतार्हच आहेत. प्रश्न संख्येचा नाही. ही संख्या म्हणजेच प्रगती, असे मानण्याची जी सवय जडते आहे, तिचा आहे.

अर्ज, प्रसिद्धी आणि मंजुरी

आधी एक साधा गोंधळ दूर करायला हवा. पेटंटसाठी अर्ज केला की साधारणपणे १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात आपोआप प्रसिद्ध होतो. ही प्रसिद्धी म्हणजे मान्यता नव्हे. अमुक व्यक्तीने अमुक दावा केला आहे, एवढीच ती नोंद असते. त्यानंतर अर्जदाराने मागणी केल्यावर परीक्षण होते, आक्षेप निघतात, उत्तरे दिली जातात आणि मग मंजुरी किंवा नकार मिळतो. मंजूर पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते आणि ते टिकवायचे तर ठरावीक शुल्क भरत राहावे लागते. वस्तूच्या केवळ बाह्यरूपाची, म्हणजे 'डिझाइन'ची नोंदणी ही तर पूर्णपणे वेगळी बाब. पण बढतीसाठी गुण आणि संस्थेच्या क्रमवारीसाठी आकडे हवे असले की अर्ज, प्रसिद्धी, मंजुरी आणि डिझाइन हे सारे 'पेटंट' या एकाच शब्दाखाली खपवले जाते. वृत्तपत्रांनीही ही चूक अनेकदा केली आहे.

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या राज्यांतील अर्ज मुंबईच्या कार्यालयात, म्हणजे अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात येतात. तेथे परीक्षक ज्या कायद्याच्या कसोटीवर अर्ज घासून पाहतो, तो पेटंट कायदा १९७० सालचा. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर तो उभा आहे. ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेल्या व्यवस्थेत बहुतांश पेटंटे परदेशी कंपन्यांच्या हाती होती आणि त्यातली फारच थोडी भारतात प्रत्यक्ष उत्पादनासाठी वापरली जात होती, हे अय्यंगार यांनी दाखवून दिले. म्हणून नव्या कायद्याने पेटंटधारकाला हक्काबरोबर जबाबदारीही दिली. तुम्हाला मक्तेदारी मिळते ती शोध देशात वापरात यावा म्हणून. केवळ माल आयात करून विकण्याची सोय म्हणून नव्हे. २००५ साली जागतिक व्यापार करारानुसार औषधांसह सर्व वस्तूंना उत्पादन-पेटंट खुले झाले, तरी हे तत्त्व कायद्यात कायम राहिले.

याच कायद्याचे तिसरे कलम कशाला पेटंट मिळणार नाही ते सांगते. वर उल्लेख केलेले पूर्वसूचना, दुभत्या जनावरांचे पोषण आणि वैद्यकीय तपासणी हे तिन्ही विषय या कलमाला कुठे ना कुठे अडतात. हा योगायोग नाही. जेथे लोकांच्या जिवाचा आणि पोटाचा संबंध येतो, तेथे कायद्याने मक्तेदारीला मुद्दाम आखडता हात घेतला आहे. नवी मुंबईसारख्या शहरात या तिन्ही गोष्टी अगदी जवळून पाहता येतात.

सूचना कोणापर्यंत पोहोचली?

२० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रातील असंख्य मोबाइल फोन एकाच वेळी कर्कश आवाजात वाजू लागले आणि पडद्यावर 'आणीबाणीचा इशारा' उमटला. घाबरून जाण्याचे कारण नव्हते. केंद्र सरकारच्या नव्या सूचना यंत्रणेची ती चाचणी होती. नेहमीचा एसएमएस एकेका क्रमांकाला पाठवावा लागतो आणि गर्दीच्या वेळी तो अडकून पडतो. 'सेल ब्रॉडकास्ट' पद्धतीत मात्र एका मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व फोनना संदेश एकदम जातो. सी-डॉट या सरकारी संस्थेने ही यंत्रणा देशात उभी केली. वेगवेगळ्या खात्यांच्या सूचना एकाच साच्यात बसवणारा 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' हा जागतिक दंडक तिच्या मुळाशी आहे आणि तो सर्वांना वापरण्यास खुला आहे.

त्याच सकाळी नवी मुंबईपासून फार दूर नसलेल्या खालापूर तालुक्यात वेगळेच दृश्य होते. आदल्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. ढिगाऱ्यातून २७ मृतदेह निघाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढणीवरच हृदयविकाराने गेला. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हे सरकारने नंतर सांगितले. २०१४ चे माळीण आणि २०२१ चे तळिये यांच्यानंतरही ही स्थिती होती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की धोक्याच्या सूचनेचे तंत्रज्ञान नेमके कुठे कमी पडते ते कळते. फोन वाजवण्याचे कौशल्य आपल्याकडे आले आहे. पण कोणत्या डोंगराखाली कोणती वाडी आहे, तिथे किती पाऊस झाला की माणसे हलवायची, ती कोणी आणि कुठे हलवायची, याची उत्तरे कोणत्याही पेटंटात नसतात. ती गावाच्या यादीत, पर्जन्यमापकात आणि तलाठ्याच्या वहीत असावी लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे वीज कोसळण्याची सूचना देणारे अॅप उपयुक्त आहे आणि विनामूल्यही. पण ज्याच्या हाती स्मार्टफोन आहे आणि ज्याच्या शेतात नेटवर्क येते, त्यालाच ते उपयोगी पडते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रणालीला, गणिती पद्धतीला किंवा अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. इशारा देणाऱ्या शोधाला ते मिळवायचे तर त्यात काही तांत्रिक भर, यंत्राच्या कार्यात काही खरा फरक दाखवावा लागतो. त्यामुळे या क्षेत्रातील पुष्कळसे अर्ज संवेदक, सायरन, मनगटी पट्टा अशा उपकरणांच्या रूपात येतात. उपकरण नवे असेलही. पण ते विकत घेणारी ग्रामपंचायत, ते चालू ठेवणारा कर्मचारी आणि बॅटरी संपल्यावर ती बदलणारा हात यांची तरतूद झाली नाही, तर ते उपकरण प्रदर्शनाच्या टेबलावरच राहते.

दुधाच्या पिशवीमागचे शास्त्र

आता दुधाकडे वळू. वाशी-नेरुळमध्ये पहाटे दारात पडणारी पिशवी बहुधा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी गोठ्यातून निघालेली असते. कोल्हापूरच्या 'गोकुळ' दूध संघाचे तर वाशीतच पॅकिंग केंद्र आहे. त्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ यांवर ठरतो आणि ते दोन्ही बऱ्याच अंशी जनावराच्या पोटात काय गेले यावर ठरतात. शेतकऱ्याच्या दूध उत्पादनाच्या खर्चात सर्वात मोठा वाटा चारा आणि पशुखाद्याचाच असतो. त्यामुळे या खाद्यातील छोटीशी सुधारणाही गोठ्याचा हिशेब बदलू शकते.

उदाहरणार्थ, 'बायपास प्रोटीन' ही कल्पना घ्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात जिवाणूंचे राज्य असते. सरकी किंवा शेंगदाणा पेंडेतील चांगली प्रथिने ते तिथेच मोडून टाकतात. पेंडेवर ठरावीक प्रक्रिया केली तर ती प्रथिने पहिल्या पोटातून सुखरूप पुढे जातात, आतड्यात शोषली जातात आणि दुधाला लागतात. या विषयाचे मूळ संशोधन ऑस्ट्रेलियातील; भारतात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ते पशुखाद्य कारखान्यांपर्यंत नेले. त्याच मंडळाने राष्ट्रीय दुग्ध योजनेत, २०१२ नंतरच्या काळात, संतुलित आहाराचा कार्यक्रम गावोगाव राबवला. गावातलाच प्रशिक्षित माणूस गोठ्यावर जाई, जनावराचे वजन-दूध नोंदवी आणि घरी उपलब्ध असलेल्या चाऱ्यात काय, किती मिसळायचे हे संगणकावर काढून देई.

या दोहोंतील फरक पेटंट कायद्याने अचूक टिपला आहे. नव्या पशुखाद्याच्या मिश्रणाला पेटंट मिळू शकते. मात्र घटक नुसते एकत्र करून भागत नाही. त्यांच्या एकत्र येण्याने प्रत्येकाच्या गुणांच्या बेरजेपलीकडे काही साधले, हे कलम ३ (ई) नुसार सिद्ध करावे लागते. याउलट जनावराला निरोगी करण्याची किंवा त्याचे, अगर त्याच्या उत्पादनाचे आर्थिक मूल्य वाढवण्याची उपचारपद्धती कलम ३ (आय) ने पेटंटच्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. गायीला कसे खाऊ घातले म्हणजे दूध वाढते, हे ज्ञान कोणाच्या मालकीचे होऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ. शेतीप्रधान देशाच्या संसदेने घेतलेला हा शहाणा निर्णय होता.

शहरी ग्राहकाचा यात स्वतःचा स्वार्थही आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा भेसळीपेक्षा अॅफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची समस्या मोठी निघाली. सुमारे ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा अधिक होते. हे विष दुधात कोणी मिसळत नाही. ते बुरशी लागलेल्या पेंडेतून आणि चाऱ्यातून येते. यावरचा पहिला उपाय गोदाम कोरडे ठेवणे आणि खाद्य तपासणे हा आहे. त्याला पेटंट लागत नाही. लागते ती शिस्त.

एका चाचणीची वंशावळ

तिसरा विषय वैद्यकीय तपासणीचा आणि येथे नवी मुंबईची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील अतिसूक्ष्म घटक किरणोत्सारी खुणेच्या मदतीने मोजण्याची पद्धत शोधली. 'रेडिओइम्युनोअॅसे' असे तिचे नाव. इन्शुलिनपासून थायरॉइडच्या संप्रेरकांपर्यंत असंख्य गोष्टी त्यामुळे मोजता येऊ लागल्या. या पद्धतीला अफाट व्यापारी मूल्य होते; पण दोघांनी तिचे पेटंट घ्यायचे नाकारले. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच निवर्तले होते.

कोणाची परवानगी न लागणारे हे तंत्र जगभर पसरले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने ते आत्मसात केले. अणुऊर्जा खात्याच्याच 'ब्रिट' या संस्थेने वाशीच्या संकुलातून थायरॉइड तपासणीचे संच देशभरातील प्रयोगशाळांना पुरवले. त्याच भाभा केंद्रात काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी नोकरी सोडून नव्वदच्या दशकाच्या मध्यास 'थायरोकेअर' सुरू केली. पुढे तिची मुख्य प्रयोगशाळा तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत उभी राहिली. गावोगावचे नमुने रात्रीतून एका ठिकाणी आणायचे, यंत्रे सतत चालू ठेवायची आणि संख्येच्या जोरावर दर खाली आणायचे, हा त्या व्यवसायाचा मंत्र होता. २०२१ मध्ये ही कंपनी 'फार्मइझी'च्या मालकीची झाली. थायरॉइडची तपासणी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली ती अशी. या सगळ्या साखळीत मूळ शोध खुला होता आणि खरी कर्तबगारी तो लोकांपर्यंत नेण्यात होती.

याहून साधे उदाहरण टाटा स्मारक केंद्राचे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख महिलांवर दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा मुख्य घटक, लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगरचे पेटंट कोण घेणार? पण त्या तपासणीने जे साधले, ते भल्याभल्या उपकरणांना साधलेले नाही.

भारतीय कायद्यात रोगनिदानाच्या पद्धतीला कलम ३ (आय) नुसार पेटंट नाही. तपासणी संच, रसायन किंवा यंत्र यांना मात्र मिळू शकते. चाचणी शरीरावर झाली की शरीराबाहेर काढलेल्या रक्तावर, एवढ्या भेदाने हे कलम टळत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ च्या 'मेयो' निकालात निसर्गनियमावर आधारलेल्या निदानपद्धतीचे पेटंट रद्द ठरवले होते.

मग पेटंट हवेच कशाला?

येथवर वाचून पेटंट ही निरुपयोगी किंवा वाईट गोष्ट आहे, असा समज होऊ नये. जेथे संशोधनाला मोठे भांडवल आणि दीर्घ काळ लागतो, तेथे काही वर्षांची मक्तेदारी ही रास्त किंमत ठरते. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेल्या 'नेक्सकार १९' या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. आयआयटीच्याच प्रयोगशाळेतून जन्मलेली 'इम्युनोअॅक्ट' ही कंपनी तो नवी मुंबईत तयार करते. विदेशातील खर्चाच्या सुमारे एक-दशांश किमतीत तो देता येतो, असे सांगितले जाते. तरीही लाखांच्या घरातील ही रक्कम सामान्य कुटुंबाला परवडणारी नाही. पण प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता आपल्याकडे बांधता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. पेटंटचे यश मोजायचे तर ते या रस्त्याने मोजावे.

ते मोजण्याचे साधनही कायद्यात आहे. पेटंटधारकाने आपला शोध भारतात प्रत्यक्ष वापरात आणला की नाही, हे 'नमुना २७' भरून सांगावे लागते. या रूक्ष कागदाची ताकद मुंबईनेच पाहिली आहे. ९ मार्च २०१२ रोजी तत्कालीन पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायर कंपनीच्या 'नेक्साव्हार' या कर्करोगावरील औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे दोन लाख ८० हजार रुपयांना पडणारे औषध ८,८०० रुपयांत देण्याची नॅटकोची तयारी होती. बायरचे औषध गरजूंपैकी किती थोड्यांपर्यंत पोहोचले, हे ठरवताना कंपनीने स्वतः भरलेल्या याच नमुन्यातील आकडे कामी आले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

पण या साधनाची धार हळूहळू बोथट केली जात आहे. अनेक पेटंटधारक नमुना भरतच नाहीत, भरला तर अर्धवट भरतात, अशी तक्रार घेऊन शमनाद बशीर हे कायदेतज्ज्ञ २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यातून अंमलबजावणी कडक होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २०२० मध्ये नमुना सुटसुटीत करण्याच्या नावाखाली माहितीचे रकाने कमी झाले आणि मार्च २०२४ च्या नियमांनी दरवर्षी भरायचा हा नमुना तीन वर्षांतून एकदा भरण्याची मुभा दिली. उद्योगांवरील कागदपत्रांचा भार हलका करणे हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु मंजुऱ्या लाखावर जात असताना वापराची माहिती मात्र विरळ होत जावी, हे हिशेबात बसत नाही. देणे वाढवायचे आणि झडती कमी करायची, असा हा प्रकार झाला.

उपाय अवघड नाहीत. सार्वजनिक पैशांतून झालेल्या संशोधनाच्या प्रत्येक पेटंटचा वापर-अहवाल संबंधित विद्यापीठाने वा संस्थेने दरवर्षी आपणहून जाहीर करावा. संस्थांची क्रमवारी ठरवताना अर्जांना नव्हे, तर परवाना देऊन उत्पादनात आलेल्या शोधांना गुण मिळावेत. इशारा यंत्रणा, पशुखाद्य आणि तपासणी संच यांची सर्वात मोठी ग्राहक स्थानिक स्वराज्य संस्था, दूध संघ आणि सरकारी रुग्णालये हीच असतात. त्यांनी लहान प्रमाणात का होईना, नव्या उपकरणांची रीतसर चाचणी घेऊन निष्कर्ष उघड करण्याची पद्धत पाडावी. आणि आम्ही वृत्तपत्रांनी अर्ज, प्रसिद्धी व मंजुरी यांतील फरक पाळून बातमी द्यावी, एवढेच नव्हे तर तीन वर्षांनी पुन्हा त्या संशोधकाच्या दारी जाऊन पुढे काय झाले ते विचारावे.

पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला करार असतो. समाज त्याला २० वर्षांची मक्तेदारी देतो. त्या बदल्यात शोध उघड व्हावा आणि वापरात यावा, एवढीच अपेक्षा ठेवतो. कराराची आपली बाजू आपण वर्षाला एक लाख प्रमाणपत्रे देऊन पाळली आहे. दुसरी बाजू पाळली गेली की नाही, हे ठरण्याची जागा दिल्लीतील आकडेवारीचा तक्ता ही नव्हे. ते ठरेल इर्शाळवाडीसारख्या एखाद्या वाडीत, सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या गोठ्यात आणि सरकारी रुग्णालयातील तपासणीच्या रांगेत.